कबड्डीच्या मैदानावर छायाचित्रापुरता तरी उजेड हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोमवारच्या क्रीडा पानावर कबड्डीच्या अंतिम सामन्याची बातमी असते आणि सोबत चषक घेतलेला संघ व पाहुणे यांचे छायाचित्र. चढाईचे किंवा पकडीचे छायाचित्र क्वचितच दिसते. छायाचित्रकार बक्षीस समारंभापुरताच आला असावा, असा वाचकांचा समज होतो. प्रत्यक्षात तो पहिल्या चढाईपासून मैदानाशेजारी बसलेला असतो. त्याच्याकडे शेकड्यांनी फ्रेम, म्हणजे टिपलेली छायाचित्रे, असतात, फक्त छापण्याजोगी नसते. यामागची बरीचशी कारणे टाळता येण्याजोगी आहेत, म्हणून हे पत्र.

जानेवारीतला मुंबईचा तिसरा रविवार घ्या. सकाळी मॅरेथॉन, दुपारी आझाद मैदानावर क्रिकेट आणि संध्याकाळी लालबाग-प्रभादेवीकडे कबड्डी, आणि अनेकदा हे तिन्ही काम एकाच माणसाकडे. मॅरेथॉनमध्ये परदेशी विजेत्याने फीत तोडली की सगळ्या लेन्स त्याच्याकडे वळतात. आपल्या वाचकाला हवा असलेला पहिला भारतीय धावपटू त्यानंतर काही मिनिटांनी येतो, तेव्हा अंतिम रेषेवर स्वयंसेवक आणि अधिकाऱ्यांची गर्दी झालेली असते. भारतीय एलिट (अव्वल धावपटूंच्या) गटातल्या धावपटूंचे छातीवरचे क्रमांक आदल्या रात्रीच लिहून ठेवावे लागतात. स्पर्धेसाठी रस्ते बंद असतात, म्हणून पुढचा प्रवास लोकलने, आणि रविवारी मेगाब्लॉक असला तर तासभर त्यातच जातो. खांद्यावर दोन बॉडी (लेन्सशिवायचे कॅमेरे), ७०-२०० मिमीची झूम लेन्स आणि तीन किलोच्या आसपासची, लांबचे टिपणारी ४०० मिमीची लेन्स.

दुपारच्या मैदानावर वेगळी अडचण असते. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते आणि लांबून टिपलेल्या फलंदाजाचा चेहरा मऊ, विरघळल्यासारखा येतो. अशा वेळी फोकसशी झटापट करून उपयोग नाही, अंतर कमी करणे हाच उपाय. धुळीत लेन्स बदलली की सेन्सरवर डाग बसतात आणि संध्याकाळच्या प्रत्येक फ्रेममध्ये ते दिसत राहतात. दोन बॉडी लागतात त्या यासाठीच.

तरीही या दोन्ही ठिकाणी सूर्य मदतीला असतो. खरी कोंडी होते ती रात्रीच्या कबड्डीत.

चढाईपटूची झेप चित्रात गोठवायला शटर, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश आत घेणारी झडप, फक्त १/१००० सेकंद उघडी ठेवावी लागते. लेन्स एफ/२.८ वर पूर्ण उघडी आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० धरले, तरी खेळाडूच्या अंगावर सुमारे ३२० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड हवा. तो ८० लक्सवर आला, तर आयएसओ २५,६०० करावे लागते. मग चेहऱ्यावर दाणे येतात आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ते आणखी ठळक होतात. आयोजकांनी मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या अ‍ॅपने अंदाज घेतला तरी पुरे. फक्त मोबाइल जमिनीवर न ठेवता छातीच्या उंचीवर उभा धरून मोजावे, कारण छायाचित्र जमिनीचे नाही, चेहऱ्याचे असते.

उजेड भरपूर असला तरी काम फत्ते होतेच असे नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे स्वस्त एलईडी फोकस सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतो. डोळ्यांना ते कळत नाही. १/१०० सेकंदाच्या शटरमध्ये पूर्ण चक्र मावते, पण त्या वेगात पाय आणि हात पुसट होतात. १/१००० ला चक्राचा जेमतेम दहावा हिस्सा पकडला जातो, त्यामुळे सलग दहा फ्रेममध्ये दोन लख्ख, तीन काळ्या आणि उरलेल्या पिवळट येतात. नेमकी पकडीची फ्रेम काळी निघाली की सामना हातचा गेला. कॅमेऱ्यातली अँटी-फ्लिकर सोय प्रकाश प्रखर असेल त्या क्षणापर्यंत शटर रोखून धरते. तिचा उपयोग होतो, पण बर्स्टचा, म्हणजे सलग फ्रेम टिपण्याचा, वेग घटतो आणि निर्णायक क्षण दोन फ्रेमच्या मध्ये निसटू शकतो.

यावर उपाय इलेक्ट्रिशियनच्या हातात आहे. फोकस भाड्याने घेताना फ्लिकर (दिव्याचे असे मंद-प्रखर होणे) नसलेल्या ड्रायव्हरचे, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या तशा सर्किटचे, मागावेत. ते मिळत नसतील तर एकाच खांबावरचे तीन फोकस थ्री-फेज विजेच्या तीन वेगवेगळ्या फेजवर (तारांवर) जोडावेत. एक मंद होतो तेव्हा दुसरे दोन भरून काढतात आणि मैदानावरचा उजेड बराच स्थिर राहतो. सगळे दिवे एकाच फेजवर टाकले तर ते एकदमच मंद होतात.

बसण्याच्या जागेचेही तसेच. चढाईपटू निदानरेषा (प्रतिस्पर्ध्याच्या अंगणातली, चढाईत ओलांडावीच लागणारी रेषा) ओलांडून बोनस गुणासाठी पाय टाकतो, तेव्हा त्याचा चेहरा बचाव करणाऱ्या संघामागच्या अंतिम रेषेकडे असतो. पकड झाल्यावर तो मध्यरेषेकडे हात ताणतो, तेव्हा चेहरा दुसऱ्या बाजूने दिसतो. म्हणून दोन्ही अंतिम रेषांमागे किमान दोन-अडीच मीटर मोकळी पट्टी ठेवावी. खेळाडू बाहेर आदळतात, तेव्हा त्यांच्या सुरक्षेसाठीही ती लागतेच. सध्या नेमका तिथेच पाहुण्यांचा सोफा असतो किंवा प्रायोजकाचा फलक.

वेळेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. पुरुषांचा सामना २०-५-२० मिनिटांचा, म्हणजे वीस मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये पाच मिनिटांचे मध्यंतर. टाइमआउट आणि दुखापती धरून साधारण तास जातो. दोन उपांत्य सामने सहाला सुरू झाले तर अंतिम सामना आठ-सव्वाआठला लागायला हवा. मध्येच सत्कारांची रांग लागते आणि तो साडेदहाला लागतो. शहर आवृत्तीचे पान तोवर छपाईला गेलेले असते. सत्कार जरूर करावेत, पण बक्षीस समारंभात. खेळाडूही तोवर थंड पडतात, त्याचे आम्हाला अधिक वाईट वाटते.

छायाचित्र पाठवण्याची घाई वेगळीच. हजारोंच्या गर्दीत मोबाइल नेटवर्क कोंडते. म्हणून खेळ चालू असतानाच निवडक फ्रेमवर कॅमेऱ्यात खूण करून त्या लॉक कराव्यात आणि मध्यंतरात तेवढ्याच, लांब बाजू २००० पिक्सेल करून पाठवाव्यात. मूळ फाइल कार्डावर राहू द्यावी, आणि सकाळचे कार्ड संध्याकाळसाठी कधीही फॉरमॅट करू नये. पहिली फ्रेम संघाच्या यादीची काढावी, म्हणजे कॅप्शनमध्ये नाव चुकत नाही. आयोजकांनी यादीची छापील प्रत दिली तर फारच बरे.

आपल्या क्रीडा विभागालाही एक विनंती. पहाटे चारला घर सोडलेल्या माणसाला रात्री अकराच्या अंतिम सामन्यावर ठेवू नये. कबड्डीसाठी दुसरा छायाचित्रकार पाठवावा, आणि ते शक्य नसेल तर दुपारचे काम गाळावे.

आपले,
मुंबईतील काही क्रीडा छायाचित्रकार