‘माता गटा’त आजोबाला जागा आहे का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी एसटीचा निवृत्त वाहक. अर्धी नोकरी उमरेड-भिवापूर मार्गावर काढली. आता वय ६७, मुक्काम सक्करदरा, आणि घरात यंदा पहिलीत जाणारी नात. मुलगी तीन वर्षांपूर्वी गेली. जावयाने पुण्याकडे दुसरा संसार थाटला, त्याचा फोन येतो दिवाळीला. तेव्हा लेकराचं सगळं मी आणि माझी बायकोच बघतो.

घराजवळच्या शाळेत शाळापूर्व तयारीचा मेळावा झाला. ‘पहिले पाऊल’ नावाने हे मेळावे राज्यात २०२२ पासून भरतात. उपक्रम उत्तम आहे, हे आधी सांगतो. ओळीने सात टेबलं. पहिल्यावर नोंदणी, मग शारीरिक विकास, बौद्धिक विकास असं करत मूल पुढे सरकतं. कुठे उड्या मारायच्या, कुठे वस्तू मोजायच्या. काय जमलं, काय नाही, ते विकासपत्रावर लिहितात. मोजण्याच्या टेबलावर नातीने दहापर्यंत मणी धडाधड मोजले. मोजणारच, घरी आमची रोज एसटी सुटते. चार खुर्च्या मांडायच्या, ती वाहक, मी चालक. तिकिटाचे पैसे खऱ्या नाण्यांत घेते आणि आजीला ठणकावून सांगते, “बायांना अर्धं तिकीट!” २०२३ ची सवलत तिला पाठ आहे.

गाडी अडली ती सामाजिक-भावनिक विकासाच्या टेबलावर. ताईंनी विचारलं, घरात कोण कोण आहे? ती म्हणाली, “आबाजी, आजी आणि कूलर.” सगळे हसले. नागपूरचा उन्हाळा, तिचंही खरंच आहे. मग ताईंनी सहज विचारलं, “आणि आई?” नात माझ्याकडे बघत राहिली. ताईंचा दोष नाही. पहिल्या टेबलावरच्या वहीत आईचं नाव होतं, बापाचं नाव होतं. मूल राहतं कोणाकडे, हे कोणी विचारलंच नव्हतं. तिथे ते लिहिलेलं असतं, तर पुढच्या ताईंनी तो प्रश्न केला नसता.

मेळाव्यानंतरचं खरं काम माता गटांवर असतं. गल्लीतल्या काही आयांचा एक गट, त्यांच्यात एक लीडर माता. घरी मुलांकडून काय करून घ्यायचं ते फोनवर येतं. मलाही घ्या म्हटलं, तर लीडर माता ओशाळली. “काकाजी, सगळ्या बायाच हायेत ना जी गटात.” तिचंही बरोबर. सकाळी गाऊनवर असलेल्या पोरीबाळींच्या घोळक्यात मी म्हाताऱ्याने कुठे बसावं? बायकोचा नंबर द्यावा, तर तिचा फोन बटणांचा. शेवटी शेजारची सून कुंपणावरून सांगते तेव्हा आम्हाला कळतं, तेही दोन दिवस उशिरा. डाळी निवडताना तूर आणि चणे वेगळे करायला लावा, असं परवा सांगितलं. ते तर आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चाललंय. पण हे शिकवणंच आहे, हे कळल्यावर बायकोला जरा उभारी आली.

प्रवेशाच्या वेळी एका शाळेत सांगितलं, “बापाची सही लागते, आबाजी.” बाप पुण्यात. आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात पालकाची व्याख्याच अशी आहे की मुलाचा सांभाळ आणि ताबा ज्याच्याकडे, तोही पालक. हे मी छापील कायद्यात वाचलं, कागद घेऊन गेलो, तेव्हा प्रवेश झाला. ज्याला वाचता येत नाही त्या आजीने काय करावं?

दुसरी गोष्ट पैशांची. आई किंवा बाप, एक जरी नसला तरी त्या मुलासाठी अर्ज करता येईल अशी सरकारची योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, महिन्याला २,२५० रुपये. मला ती कळली रेशनच्या रांगेत. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक, शिवाय घरासमोर मुलासोबत काढलेला फोटो. हे गोळा करण्यात माझ्या चपला झिजल्या, अर्ज अजून वाटेत आहे. मेळाव्यात सातवं टेबल पालकांना मार्गदर्शनाचं असतं. तिथे मला पोषणाचा कागद मिळाला. त्याच टेबलावर या योजनेचा कोरा अर्ज आणि कागदपत्रांची यादी ठेवायला काय हरकत आहे?

तेव्हा मागणी साधी आहे. नोंदणीच्या वहीत ‘मूल कोणाकडे राहते’ असा एक रकाना वाढवा. ज्या घरी आजी-आजोबा, मावशी किंवा काका सांभाळतात, त्यांची स्वतंत्र बैठक महिन्यातून एकदा शाळेत घ्या. सकाळी ऊन चढायच्या आत घ्या, गुडघ्यांचा विचार करून. आमच्या वस्तीत तरी अशी घरं मला बोटावर मोजण्याइतकी नाही वाटत.

विदर्भात शाळा जूनअखेर उघडते, दुसरा मेळावा त्याच सुमारास झाला. त्या वेळी पहिल्या टेबलावरच्या ताईंना मी ही सूचना केली. त्यांनी वहीच्या समासात पेन्सिलने लिहिलं, ‘आजोबांकडे.’ पुढच्या वर्षी ते छापील रकान्यात दिसावं.

आपला,
एक निवृत्त वाहक, सक्करदरा, नागपूर