वयाचं आहे, चालायचंच?

महोदय,

परवा जाऊबाईंसोबत शहरातल्या एका दवाखान्यात गेले होते. त्यांचे वय ४९, पाळी बंद होऊन वर्ष उलटलेले. नाशिकच्या थंडीत आम्ही गोधडीत गुरफटलेलो आणि या पहाटे तीनला घामाने चिंब होऊन पंखा लावतात. डॉक्टर म्हणाले, "वयाचं आहे, चालायचंच." हार्मोनच्या गोळ्यांचे विचारले, तर "कॅन्सर होतो" एवढेच उत्तर.

ही भीती मुख्यतः २००२ मधल्या अमेरिकेतील अभ्यासातून पसरली. पण त्यातल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते! साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत उपचार सुरू केले, तर त्रास होणाऱ्या बहुतेक निरोगी स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त, असे आता तज्ज्ञ मानतात. स्तनाचा कर्करोग झालेल्यांना ते सहसा देत नाहीत. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेन या हार्मोनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोनही लागते. हे सांगायला पाच मिनिटे पुरतात.

झोप लागते का, लघवीला जळजळ होते का, हे डॉक्टरांनीच आधी विचारावे. आमच्या पिढीतल्या बायका, त्यातून नवरा शेजारी बसलेला, आपणहून बोलत नाहीत. जाऊबाई तर "गुडघे दुखतात" एवढेच सांगून उठत होत्या.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक