पाणबुडी मोटरवाल्या नानांना, जाहीर आभार

ती. नाना,
सा. न. वि. वि.

दुकानात आभार मानायला लागलं की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून विषय बदलता, आणि पैशांचं नाव काढलं की समोरच्या मोटरच्या वाइंडिंगमध्ये डोकं घालता. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर. दुसरं कारण असं की, भाट्याच्या किनाऱ्यावर माझ्या मेटल डिटेक्टरच्या मागच्या टोकाला बांधलेली ती पांढरी नळी, म्हणजे त्याच्या सेलचा डबा, बघून जो तो विचारतो, हे काय आणि कुणी करून दिलं? एकदाच लिहून टाकतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मी मेटल डिटेक्टर घेऊन लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देतो. अंगठ्या, गाडीच्या किल्ल्या, मंगळसूत्राच्या वाट्या. गुप्तधनाशी माझा काही संबंध नाही. (पुरलेलं धन सापडलं आणि किंमत दहा रुपयांच्या वर असली तरी कलेक्टरांना कळवावं लागतं, 1878 पासूनचा कायदा आहे. "किल्ल्यावर मशीन घेऊन या" म्हणणाऱ्यांना मी फोनवरच हात जोडतो.) अंगठी बहुतेकदा पाण्यातच जाते. गार पाण्यात बोटं आकसतात, लाट हात ओढते, की गेली. त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यात उतरण्यावाचून गत्यंतर नसतं.

त्यात आपल्या रत्नागिरीची वाळू. तिच्यात इल्मेनाइट, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमचं खनिज. मांडवीच्या काळ्या वाळूवर साधं मशीन उगाचच कोकलत राहतं, आणि खाऱ्या पाण्याची त्यात भर. म्हणून माझं मशीन पल्स इंडक्शनचं, म्हणजे विजेचे छोटे झटके सोडून धातू ओळखणारं. ते या दोन्हींना फारसं जुमानत नाही, पण सोन्याची अंगठी आणि सोड्याच्या बाटलीचं बूच यांतला फरक त्यालाही कळत नाही, त्यामुळे खणावं सगळंच लागतं. शिवाय खादाड. आठ पेन्सिल सेल बघता बघता संपवतं. सेलचा मूळ डबा पावसाच्या शिंतोड्यांपुरता ठीक होता, वर चपटी रबरी पट्टी आणि दोन क्लिपा. समुद्रात त्याचा निभाव लागला नाही. आतल्या स्प्रिंगांवर हिरवा थर चढला तेव्हा तो डबा घेऊन मी तुमच्याकडे आलो.

तुम्ही मशीनकडे बघितलंही नाहीत. "पाणी कुठनं शिरलं ते आधी सांग," एवढंच विचारलंत. मी म्हटलं, झाकणातून. "झाकणातून शिरलं ते कळलं. शिरलं कशामुळे?" पाणी पडलं म्हणून शिरलं, याच्यापलीकडे मी विचार केलेला नव्हता. मग तुम्ही समजावलंत, ते इथे माझ्या शब्दांत सांगतो. वाळूवर उन्हात डबा तापतो, आतली हवा फुगते आणि फटीतून थोडी बाहेर जाते. तसाच तो पाण्यात बुडवला की उरलेली हवा आकसते आणि डबा पिचकारीसारखा पाणी ओढून घेतो. घरी येऊन मी हिशेब केला. पन्नास अंशांवर बंद झालेली हवा अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात गेली तर आतला दाब सुमारे सात टक्के उतरतो. म्हणजे डबा आहे त्यापेक्षा आणखी सत्तर सेंटीमीटर खोल नेल्याइतका ताण झाकणावर येतो. तुम्ही हे कुठल्या पुस्तकात वाचलं नसणार. विहिरीत गार होणाऱ्या मोटरींनी शिकवलं असणार.

म्हणूनच डबा पांढरा. म्हणूनच झाकण किनाऱ्यावर उन्हात न लावता पहाटे घरातून लावून न्यायचं, हा तुमचा दंडक. आणि आत सिलिका जेलची पुडी, कारण कोकणातली हवा बंद केली म्हणजे निम्मं पाणीच बंद केलं, असं तुमचं म्हणणं.

डब्यासाठी मी भारीतली प्लॅस्टिकची पेटी मागवणार होतो. तुम्ही बागेच्या पाइपलाइनचा दीड इंची, म्हणजे 50 मिमीचा तुकडा कापलात. पेन्सिल सेलऐवजी 18650 चे, म्हणजे पुन्हा चार्ज होणारे लिथियमचे, तीन सेल त्रिकोणात बांधले की 39 मिमी होतात, ते आत आरामात बसतात. एका बाजूला एंड कॅप सोल्युशनने कायमची चिकटवली. दुसऱ्या बाजूला मला वाटलं आट्यांची कॅप आणि टेफ्लॉन टेप. "रोज उघडायचंय ना? मग युनियन लाव." युनियन म्हणजे नटाने उघडता येणारा पाइपचा सांधा. खरं डोकं इथे आहे. आट्यांच्या कॅपखाली ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी कडी, ठेवली तर कॅपबरोबर ती पिळली जाते, घासते, आणि एक दिवस चिरते. युनियनमध्ये नट फिरतो, पण ओ-रिंगवरचं तोंड फिरत नाही, सरळ दाबलं जातं. हाताने आवळायचं, पाना लावायचा नाही. लावण्याआधी ओ-रिंगवरून बोट फिरवायचं, कारण वाळूचा एक कण किंवा एक केस पुरे असतो.

वायरीचं मला सुचलंच नसतं. ग्लँड, म्हणजे वायर आत जाते तिथे तिच्याभोवती आवळायचा नट, लावला की झालं, असं मी धरून चाललो होतो. तुम्ही वायरीचा तुकडा उभा चिरून आतल्या बारीक तारा दाखवल्यात आणि म्हणालात, "वरचं रबर कुठे फाटलं तर पाणी या तारांच्या मधनं चढत जातं, ग्लँडला विचारत नाही." मग ग्लँडच्या आत वायर थोडी सोलून, तारा कथिलाने भरून, वर अरल्डाइट ओतलंत. सिलिकॉन लावू का विचारलं तर ट्यूब नाकाशी नेलीत आणि ठेवून दिलीत. व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन सुकताना तांब्याला खातं, हे मला त्या दिवशी कळलं.

बाहेरून चार्जिंगची पिन काढायची माझी हौस तुम्ही मोडलीत, त्याबद्दल वेगळे आभार. जितकी भोकं कमी तितकं बरं. चार्जिंग करताना सेल डब्याबाहेर, डोळ्यांसमोर, 12.6 व्होल्टच्या योग्य चार्जरवर. लिथियमचे सेल हवाबंद नळीत चार्ज करणं म्हणजे स्वतःच्या हाताने फटाका बांधणं, यावर तुम्ही हटला नाहीत. जुन्या लॅपटॉपमधले सेलही नाकारलेत. तिन्ही नवे, एकाच जातीचे, ई-रिक्षाच्या बॅटऱ्या बांधणाऱ्याकडून निकेल पट्टीने स्पॉट वेल्ड करून आणायला लावलेत, कारण सोल्डरिंगची उष्णता सेलला सोसत नाही. संरक्षणाचा बोर्ड आणि धन टोकाशी छोटा फ्यूज तुम्हीच घातलात. व्होल्टेज जुळवायला कन्व्हर्टर घालायचं माझ्या मनात होतं, तेही नको म्हणालात. बरंच झालं. आठ ताजे पेन्सिल सेल साडेबाराच्या आसपास देतात, तीन भरलेले लिथियम 12.6 देतात. कन्व्हर्टरची गरजच नव्हती, आणि त्याची किरकिर हेडफोनमध्ये आली असती ती वेगळीच.

चाचणी तर बघण्यासारखी होती. आत सेलऐवजी कोरडा टिश्यू आणि खाली जायला खडे घालून नळी कोमट पाण्याच्या बादलीत दाबून धरलीत. आतली हवा तापून फुगली आणि ग्लँडच्या नटाशी बुडबुड्यांची बारीक माळ सुटली. नट पाव आटा फिरवलात, माळ थांबली. मग तीच गरम नळी थेट गार पाण्यात. टिश्यू कोरडा निघाला तेव्हा मी ओरडलो. तुम्ही मात्र म्हणालात, "रात्रभर राहू दे, मग बघू."

आता नळी नियमित समुद्रात जाते. परवा पुण्याच्या एका बाईंची एक वाटी भरतीच्या रेघेखाली सापडली. त्यांनी पैसे पुढे केले तेव्हा मी चहा सांगू का म्हणालो. ही सवय तुमचीच लागलेली दिसते.

एक काम आहे. मालवणच्या माझ्या मित्राला असाच डबा हवाय. युनियन, पाइप आणि सेल मी घेऊन येतो, सोमवारी. रविवारी दुकान उघडलंत तर काकू रागावतात, आणि शिव्या मला बसतात. मजुरी मात्र या वेळी घ्यावी लागेल. पैसे तो देणार आहे, मी नाही, तेव्हा मोटरमध्ये डोकं घालून चालायचं नाही.

आपला,
भाट्याचा मशीनवाला