नानांसाठी धावून आलेल्यांचे आभार

आमचे नाना गेल्या महिन्यात गेले. सिन्नरकडच्या शाळेत गणिताचे शिक्षक, पण ओळख सगळी खो-खोची. त्या दिवसांत जे मदतीला आले त्यांतल्या कित्येकांची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत, म्हणून हे जाहीर आभार.

द्वारका चौकात भर रात्री आमची गाडी बंद पडली, तेव्हा नानांना उचलून रिक्षात घेणारे आणि पैशाचं नाव काढताच हात जोडणारे दादा. दशक्रियेला रामकुंडावर पाऊस आला, तेव्हा पिंडांवर छत्री धरून स्वतः भिजणाऱ्या मावशी. आणि ती पन्नाशीची, पोटं सुटलेली मंडळी! "सरांनी खांबावर सूर मारायला शिकवलं," एवढं बोलून, गुडघ्यांवरचे जुने वण दाखवून चहा न घेताच गेली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या दोन्ही संघांनी जिंकला. नाना खूश होते, पण मॅटवर कुरकुर चालूच. मातीत लोळल्याशिवाय कसला खो-खो, म्हणे.

मावशी, गडबडीत तुमची छत्री आमच्याकडेच राहिली आहे. घरी या, चहाही घ्या.