वाहनकर्जावरील विलंब आकार परत मिळाल्याबद्दल एका ज्येष्ठ शेजाऱ्यांस आभारपत्र

चिंचवड, पुणे
दि. १२ ऑक्टोबर २०२५

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आपले नाव कोठेही छापायचे नाही, अशी आपण सक्त ताकीद दिलेली असल्यामुळे हे पत्र केवळ ‘काका’ या संबोधनाने लिहीत आहे. आपल्या सोसायटीत या संबोधनाचे अनेक मानकरी असले, तरी राष्ट्रीयीकृत बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले आणि हातात पेन्सिल घेतल्याशिवाय कोणताही कागद न वाचणारे काका एकच आहेत, त्यामुळे गैरसमज होणार नाही.

माझ्या मोटारीच्या कर्जापोटी वित्त कंपनीने विलंब आकार म्हणून घेतलेल्या १२,३४४ रुपयांपैकी ११,७५४ रुपये गेल्या महिन्यात माझ्या खात्यात परत जमा झाले. ही बातमी आपणांस तोंडी सांगितलीच आहे, परंतु ती कशी घडली हे लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटले, कारण माझ्यासारखे हप्ते भरणारे पुष्कळ लोक खातेउतारा मागवतही नाहीत आणि मागवला तरी केवळ शेवटची ओळ पाहतात. मीही तेच करत होतो.

एप्रिल २०२१ पासून दरमहा ५ तारखेला ११,२४० रुपयांचा हप्ता, असे ४८ हप्ते भरून मार्च २०२५ मध्ये माझे कर्ज संपले. गाडीला गिऱ्हाईक मिळालेले होते, म्हणून मी ना-हरकत दाखला आणि आरसीवरील बोजा उतरवण्यासाठी लागणारा फॉर्म ३५ मागण्यास शाखेत गेलो, तेव्हा १२,३४४ रुपये बाकी असल्याचे मला सांगण्यात आले. एकही हप्ता चुकवला नसल्याची माझी खात्री होती, पण गिऱ्हाईक हातचे जाईल या भीतीने मी ती रक्कम भरून मोकळा झालो. आपण नंतर म्हणालात की, पैसे भरण्यास हरकत नव्हती, मात्र ‘हरकत राखून भरत आहे’ एवढी एक ओळ लिहून तिची पोच घ्यायला हवी होती. ती ओळ तेव्हा मला सुचली नाही.

मे महिन्यातील त्या रविवारी आपण माझ्याकडून कर्जाचा करारनामा, संपूर्ण खातेउतारा आणि बँकेचे पासबुक मागवून घेतलेत व जवळजवळ तीन तास एकेक नोंद जुळवत बसलात. कारखान्यात यंत्रांची देखभाल हेच माझे काम असल्यामुळे गळती जिथे दिसते तिथे ती सुरू झालेली नसते, हे मला ठाऊक असायला हवे होते. माझ्या खात्यातील गळती मार्च २०२५ मध्ये दिसली, पण तिची सुरुवात नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेली होती. नोकरी बदलल्यामुळे माझे पगाराचे खाते बदलले होते आणि नव्या खात्यातून हप्ता वळता करण्याचा अर्ज मी १८ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केलेल्या धनादेशासह शाखेत दिला होता. तरीही कंपनीने नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारीचे हप्ते जुन्याच खात्यावर लावले व ते तिन्ही बाउन्स झाले. प्रत्येक वेळी तीन-चार दिवसांत मी पूर्ण ११,२४० रुपये भरले, म्हणून विषय संपला असे मी धरून चाललो.

प्रत्यक्षात काय घडत होते, ते आपण कागदाच्या मागच्या बाजूस मांडून दाखवलेत. बाउन्सचे ५०० रुपये आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून ५९० रुपये कंपनी माझ्या भरण्यातून आधी वजा करत होती आणि उरलेली रक्कम हप्त्याकडे वळवत होती. त्यामुळे नोव्हेंबरचा हप्ता पूर्ण भरूनही ५९० रुपयांनी तोकडा राहिला, डिसेंबरअखेर तूट १,१८० झाली आणि जानेवारीअखेर १,७७०. फेब्रुवारीपासून नव्या खात्यातून हप्ते ठरल्या दिवशी बिनचूक जात होते, पण ही मागील तूट खात्यावर असल्यामुळे संगणकाच्या लेखी मी दर महिन्याला थकबाकीदारच होतो. म्हणून चौदा महिने दरमहा विलंब आकाराचे आणखी ५९० रुपये (५०० आणि जीएसटीचे ९०), म्हणजे ८,२६० रुपये लागले. शिवाय कधीही न झालेल्या दोन वसुली-भेटींचे १,१८० रुपये आणि या सर्वांवरील व्याज १,१३४ रुपये. या चौदा महिन्यांत विलंब आकाराचा एकही संदेश मला आला नाही, याची खूण आपण पेन्सिलीने स्वतंत्र केली होती, ती पुढे फार उपयोगी पडली.

रिझर्व्ह बँकेच्या १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाविषयी मी प्रथम आपल्याकडूनच ऐकले. हप्ता चुकल्यास व्याजदरात भर घालून दंडव्याज घेता येणार नाही, जे काही घ्यायचे ते दंडात्मक आकार म्हणूनच घ्यावे, तो वाजवी आणि चुकीच्या प्रमाणात असावा, त्यावर पुन्हा व्याज लावू नये आणि तो का लावला हे कर्जदारास कळवावे, असा त्याचा आशय आहे. नव्या कर्जांना ते १ एप्रिल २०२४ पासून आणि जुन्या कर्जांना उशिरात उशिरा ३० जून २०२४ पर्यंत लागू झाले. ऋणको शिस्तीत राहावा हा दंडाचा हेतू आहे, सावकाराचे उत्पन्न वाढावे हा नाही, हे त्यात मुद्दाम म्हटलेले आहे, याकडेही आपण माझे लक्ष वेधलेत. अशा दंडात्मक आकारावर जीएसटी लागत नाही, असा खुलासा अप्रत्यक्ष कर मंडळाने २८ जानेवारी २०२५ च्या परिपत्रकाने केला आहे, तो तर माझ्या सनदी लेखापाल मित्रासही चटकन आठवला नाही. त्याआधारे जुलै २०२४ ते मार्च २०२५ या नऊ महिन्यांच्या जीएसटीचे ८१० रुपये आपण मागणीत वेगळे दाखवलेत.

मात्र माझ्या मनावर सर्वाधिक ठसली ती आपण न मागितलेली रक्कम. नोव्हेंबरचा बाउन्स हा माझा दोष आहे, असे आपण स्पष्ट सांगितलेत. नवे मॅन्डेट, म्हणजे खात्यातून हप्ता वळता करण्याची संमती, नोंदवायला काही आठवडे लागतातच, तोवर जुन्या खात्यात एका हप्त्याची शिल्लक ठेवणे हे माझे काम होते. मी थोडा हिरमुसलो, वादही घातला, परंतु आपण ते ५९० रुपये हिशेबातून काढून टाकलेत आणि तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ती चूक मला कबूल करायला लावलीत. पुढे कंपनीच्या उत्तरात माझ्या हलगर्जीपणावर बोट ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा त्याचे मर्म मला कळले.

१९ मे २०२५ रोजी दिलेल्या तक्रारीस कंपनीचे उत्तर आले की, ‘सदिच्छा म्हणून’ ३,००० रुपये देऊ, पण आता काहीही येणे नाही असे लिहून द्यावे. मी सही करण्याच्या बेतात होतो. आपण जिन्यातच थांबवून मला विचारलेत, “त्यांची चूक नसेल तर तीन हजार तरी कशाचे देताहेत?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मग जूनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली आपल्या देखरेखीत मी ऑनलाइन तक्रार नोंदवली. या योजनेत तक्रारीस शुल्क नाही आणि आधी कंपनीकडे लेखी दाद मागितलेली असली पाहिजे, ही अट आपण मे महिन्यातच पूर्ण करून घेतलेली होती. १८ ऑक्टोबरच्या अर्जावरील शाखेचा शिक्का आणि पासबुकाच्या नोंदी जोडल्यावर निवाड्यापर्यंत जाण्याची वेळच आली नाही, कंपनीने सप्टेंबरमध्ये मागितलेली पूर्ण रक्कम परत केली. माझ्या सिबिल अहवालातील, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासाच्या नोंदीतील, विलंबाचे शेरे दुरुस्त करण्याचा अर्जही आपल्याच मसुद्यावरून गेला आहे आणि त्यातील बहुतेक महिन्यांची नोंद आता सुधारलेली दिसते. जानेवारी २०२४ चा शेरा अद्याप तसाच आहे, त्याचा पाठपुरावा मी सोडलेला नाही.

आपण मोबदला तर घेतला नाहीतच, छायाप्रतींचे पैसेही माझ्या हातावर परत ठेवलेत. सौ. ने पाठवलेला खरवस मात्र काकूंनी ठेवून घेतला, एवढाच काय तो दिलासा. त्या खातेउताऱ्यावरील आपल्या पेन्सिलीच्या खुणा मी खोडलेल्या नाहीत. आमच्या मजल्यावरील एका शेजाऱ्यांच्या दुचाकी कर्जाच्या उताऱ्यातही असेच ५९० रुपये दर महिन्याला दिसत आहेत. आपली परवानगी असल्यास येत्या रविवारी सकाळी दहा वाजता त्यांना घेऊन येतो, करारनामा आणि पासबुक सोबत आणायला मी त्यांना आधीच सांगितले आहे.

आपला कृतज्ञ,
तिसऱ्या मजल्यावरील शेजारी