टोळ्या निघायच्या आत

बीड,
१२ जुलै

प्रिय वैशाली,

हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुझ्याकडे रुग्ण बसलेले असतात आणि मला सगळं नीट सांगायचंय. शिवाय पत्राच्या शेवटी तुझ्याकडे एक मागणं आहे.

गेल्या आठवड्यात तीन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. समोर आराखडे करणारी मंडळी होती: तालुका आरोग्य अधिकारी, एआरटी केंद्रांतले, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्रांतले डॉक्टर, डेटा मॅनेजर. विषय होता एचआयव्हीसह जगणारे ऊसतोड कामगार. पहिल्याच सत्रात एकानं तक्ता लावला. दिवाळीनंतर 'उपचार सोडलेले' रुग्ण वाढतात, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलेलं 'समुपदेशन कमी पडले'. आपण दोघींनी समुपदेशनात इतकी वर्षं काढली, मला ते फार लागलं.

मग मी ताईंना बोलायला सांगितलं. नाव लिहीत नाही, का ते तुला ठाऊक आहे. त्या बारा वर्षं गोळ्या घेतात आणि दर हंगामाला नवऱ्याबरोबर ऊस तोडायला, कोयत्यावर जातात. त्या एवढंच म्हणाल्या, "साहेब, माझ्या गोळ्या संपल्या होत्या हो, सोडल्या नव्हत्या."

नंतर त्या अर्धा तास बोलल्या आणि कुणी हललं नाही. पहाटे चारला फडात उतरायचं. रात्री-अपरात्री गाडी आली की मोळ्या भरायच्या. केंद्रावर जायचं तर दोघांचा खाडा पडतो, कारण एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. उचल आधीच घेतलेली, खाडा त्यातून कापला जातो. कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, कपाट नाही, कडी नाही. गोळ्यांची बाटली खुळखुळते म्हणून त्या गोळ्या फडक्यात बांधून पिठाच्या डब्यात ठेवतात. तुझ्या-माझ्या एकाही फॉर्मवर पिठाच्या डब्याचा रकाना नव्हता गं.

दुसऱ्या दिवशी खरी अडचण आली. एका अधिकाऱ्यानं, अगदी कळकळीनं, सुचवलं की रुग्णांची यादी टोळी नेणाऱ्या मुकादमाकडे द्यावी, म्हणजे तोच त्यांना केंद्रावर पाठवेल. ताईंचा चेहरा उतरला. मी २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा काढला. संमतीशिवाय कुणाची स्थिती उघड करता येत नाही, हे वाचून दाखवलं. पण कायद्यापेक्षा ताईंचा प्रश्नच जड ठरला: "मग पुढच्या साली मला टोळीत कोण घेईल?" ते गृहस्थ बराच वेळ गप्प होते. जेवणाच्या सुट्टीत ते स्वतः जाऊन त्यांच्याशेजारी बसले. मला वाटतं, त्यांचं प्रशिक्षण तिथंच झालं. म्हणून आता माझा हट्ट आहे की असा रुग्ण प्रशिक्षक म्हणून, मानधन घेऊन, पहिल्या दिवसापासून खोलीत हवा. शेवटच्या दिवशी 'अनुभवकथन' म्हणून नको.

तुला २००४ आठवतं? १ एप्रिलला सरकारी मोफत एआरटी सुरू झाली आणि माणसं उसने पैसे घेऊन मुंबईला जे.जे.ला जायची. तेव्हा औषधच दुर्मीळ होतं. आज निदान झालं की रक्तातल्या सीडी-४ पेशी कितीही असोत, उपचार सुरू होतो. बहुतेकांना दिवसाला एकच गोळी. ती नियमित घेऊन व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, चाचणीत दिसणार नाही इतका खाली राहिला, तर जोडीदाराला संबंधातून लागण होत नाही. एवढं हाताशी असताना बाई गाव बदलते म्हणून तिचा उपचार तुटावा, हे मला सहन होत नाही.

तिसऱ्या दिवशी तक्ते बाजूला ठेवून भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर लावलं आणि टोळ्या निघतात तिथपासून मागं मोजत आलो. सप्टेंबरमध्ये प्रत्येकाला एकांतात विचारायचं, यंदा जाणार का, कुठल्या भागात. निघण्याआधी व्हायरल लोडची चाचणी करायची. तब्येत स्थिर असेल त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या द्यायच्या. पुढच्यासाठी तिकडच्या समुपदेशकाचा फोन नंबर रुग्णाच्या हिरव्या उपचार-वहीत लिहून द्यायचा, आणि त्या समुपदेशकाला आधी कळवायचं, तेही रुग्ण हो म्हणाला तरच.

पण हे सगळं बीडच्या भिंतीवर आहे. ऊस तुमच्याकडे आहे. नवखी बाई संध्याकाळी पाचनंतर, चिखलाच्या पायांनी, हिरवी वही घेऊन तुमच्या दारात आली तर काय होतं, हे आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नाही. तू रोज पाहतेस. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात पुढची फेरी आहे, दोन दिवस काढून ये. तुमच्या औषधवाटपाच्या खिडकीवरच्या त्या दादांनाही आणता आलं तर आण. ताई येणार आहेत, आणि तुला विचारायचे प्रश्न त्यांनी आत्ताच मला सांगून ठेवलेत.

काकूंना नमस्कार. उत्तर लवकर पाठव, मला येणाऱ्यांची यादी द्यायची आहे.

तुझी,
मंदा