डेनिसची नोकरी

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "बाबा, वॉरिकला डेनिस ईगलमध्ये जातेय, कचऱ्याच्या गाड्या बनवतात," आणि मी काहीच बोललो नाही. तुला वाटलं मी नाक मुरडलं. अगं, नगरपालिकेच्या वर्कशॉपात कचरा दाबणाऱ्या कॉम्पॅक्टरच्या पोटात शिरून जन्म काढला, मी कशाला नाक मुरडू? मला तुझा इंग्लंडचा व्हिसा आठवला. कंपनी गेली की 60 दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं, हे तूच नानांच्या वर्षश्राद्धाला आली होतीस तेव्हा सांगितलंस. असो. हा विषय पत्रात काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल केलंय.

मग बंड्याला शेजारी बसवून या डेनिसची कुंडली काढली. 1895 साली जॉन डेनिसने गिल्डफर्डला सायकली बनवायला घेतल्या, पुढे भाऊ रेमंडही आला. 1899 मध्ये हा गडी मोटार बसवलेली तीनचाकी भर पेठेतून ताशी 16 मैलांनी हाणतो म्हणून दंड भरून आला. (आपल्या दादाची आठवण झाली.) 1901 मध्ये मोटार, 1908 मध्ये ब्रॅडफर्डला आगीचा पहिला बंब. मोटारींचा नाद पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सुटला. मग लॉऱ्या, बस, बंब, गवत कापायची यंत्रं, कचऱ्याच्या गाड्या. गिल्डफर्डमध्ये कामगारांची वसाहतसुद्धा डेनिसव्हिल नावाची.

1972 मध्ये हेस्टेअर नावाच्या दुसऱ्या कंपनीने ती विकत घेतली आणि पुढे वाटण्या होत गेल्या. बस आता अलेक्झांडर डेनिसच्या नावावर, तिकडे स्कॉटलंडात. क्रिकेटच्या मैदानांवरचं गवत कापायचं डेनिस यंत्र तिसऱ्याच कंपनीचं, डर्बीशायरचं. बंब बंद झाले. कचऱ्याची गाडी वॉरिकच्या ईगल कंपनीबरोबर गेली. घरच्या वाटणीत ज्याच्या वाट्याला माळरान आलं, त्याच्याच जमिनीला पुढे हायवे लागावा, तसं झालंय हे. तिकडची ट्रक बनवणारी फोडेन 2006 मध्ये संपली, ईआरएफ तिच्यामागोमाग. थॉर्निक्रॉफ्ट, एईसी, स्कॅमेल, गाय ही सगळी नावं आमच्या कदम मिस्त्रींच्या तोंडी असायची. आज त्यांतली एकही नाही.

पण लेचवर्थची शेल्व्होक अँड ड्रूरीही कचऱ्याच्याच गाड्या करायची ना? ती 1990च्या दशकाच्या सुरुवातीला गेलीच. म्हणजे नगरपालिकेचं गिऱ्हाईक असलं म्हणून कुणी अमर होत नाही. कौन्सिलकडे पैसा नसला की जुनीच गाडी आणखी दोन वर्षं ओढतात. आम्ही तेच करायचो. टेंडर पुढे ढकललं की कंपनीचा हात रिकामा, आणि मग तुझे ते 60 दिवस. बघ, आलाच विषय.

तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं असं नाही. वडिलांनी पत्र लिहायला घेतलं की शिकवणी सुरू होते, राग मानू नकोस.

खरं सांगायचं तर डेनिस ईगलच्या एलिट गाडीच्या केबिनचा फोटो बघून मी बराच वेळ तसाच बसून होतो. एकच बुटकी पायरी, आत उभ्याने चालत या दारातून त्या दाराला जाता येतं, काच पार खालपर्यंत. आमच्याकडे साध्या ट्रकच्या चॅसीवर कॉम्पॅक्टर चढवायचे. ड्रायव्हर माडीवर बसल्यासारखा, गाडीच्या नाकापुढे उभं असलेलं पोर त्याला दिसायचं नाही. गणपतमामांचे गुडघे गेले तेव्हा आम्ही अँगल तोडून त्यांच्या गाडीला एक खालची पायरी वेल्ड करून दिली, वर जुन्या टायरचा तुकडा बोल्टने आवळला. साहेबांनी विचारलं, कुठल्या मंजुरीने? मामा मात्र रिटायर होईपर्यंत त्याच पायरीवरून चढले. तिकडची कचरा उचलणारी माणसं दिवसातून शंभरदा तरी खाली उतरत असतील. कुणीतरी आख्खी गाडीच त्या पायरीपासून काढलीय. लंडनमध्ये तर ड्रायव्हरला केबिनमधून थेट किती दिसतं यावर मोठ्या गाड्यांना तारे देतात, ऑक्टोबर 2024 पासून तीन ताऱ्यांच्या खाली असशील तर जादा सुरक्षा यंत्रणा बसवल्याशिवाय परवाना नाही, आणि या बुटक्या केबिनला पाचही तारे आहेत. म्हणजे कंपनी जे आधीपासून करत होती, तेच आता कायदा मागतोय. हे वाचून जरा जीव भांड्यात पडला.

तरीही विचारून ठेव. मालक परदेशी आहेत, डच टेरबर्गचा गट म्हणे. उद्या त्यांना वाटलं, केबिन दुसरीकडे करू, तर? बॅटरीवरची कचरागाडी ई-कलेक्ट 2020 मध्ये आणली, पण चीनवाले गप्प बसतील का? हातात किती महिन्यांची ऑर्डर आहे हे इंटरव्ह्यूत विचारता येत नाही, मला कळतं. कॅन्टीनमध्ये कळतं. वेल्डिंगच्या माणसाला विचार, ओव्हरटाइम चालू आहे का. आमच्या शेजारच्या कारखान्यात टाळं लागायच्या आधी वर्षभर ओव्हरटाइम बंद होता. ऑफिसवाल्यांना शेवटच्या दिवशी कळलं, फिटरांना आधीच माहीत होतं.

सही करायच्या आधी स्पॉन्सरशिपचं पान नीट वाच, पुन्हा सांगत नाही. टाकळीच्या प्लॉटचे पैसे बँकेत तसेच आहेत, दादाला हात लावू दिलेला नाही. लागले तर माग. नाही लागणार, हे तू म्हणणारच.

आणि गाडीचं मागचं टेलगेट उघडलेलं असताना आधाराचा प्रॉप लावल्याशिवाय खाली वाकायचं नाही, इंजिनिअर असलीस तरी.

तुझे,
बाबा

ता.क. – आत्याने विचारलं, पोरगी कुठे लागली? मी म्हटलं, इंग्लंडच्या सव्वाशे वर्षं जुन्या कंपनीत. कचऱ्याचं तुझ्या आईने सांगितलं. आत्या म्हणाली, म्हणजे बापाच्याच लाइनीत. त्यानंतर मी तिला दोनदा चहा विचारला.